चाळणी कुणाच्या हातात होती?

‘कस असेल ते टिकतं, विसरलं गेलं ते मुळातच हलकं’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2016 आणि 2019 साली गोदावरी आमच्या सायखेड्यात शिरली, काठावरची उभी पिकं गेली. वाण हलकं होतं म्हणून पीक गेलं, असं गावात कुणी म्हणालं नाही. मग वाल्टर ब्राउनफेल्स या जर्मन संगीतकाराच्या ‘पक्षी’ या ऑपेराबद्दल तसं का म्हणायचं?

मूळ सुखात्मिका ॲरिस्टोफेनिसची, इसवी सनापूर्वी 414 मधली. शहराला विटलेली दोन माणसं पाखरांकडे जातात आणि त्यांना आकाशात नगरी उभारायला लावतात. तिच्यावरचा ऑपेरा 30 नोव्हेंबर 1920 रोजी म्युनिकला ब्रुनो वाल्टरच्या संचालनाखाली झाला. दोन वर्षांत तिथंच पन्नासच्या आसपास प्रयोग लागले. हलक्या मालाला इतकं गिऱ्हाईक येत नाही. 1933 मध्ये नाझी आले. ब्राउनफेल्सचे वडील जन्मानं ज्यू, एवढ्यावरून कोलोनच्या संगीत महाविद्यालयाचं संचालकपद गेलं आणि त्याची रचना वाजवायची बंद झाली. ही काळाची चाळणी नव्हे. ती माणसांनी हातात धरली होती.

यावर विचारतात, की 1945 नंतर त्याला पद परत मिळालं, तरी हा ऑपेरा पुन्हा रंगमंचावर यायला 1971 साल, कार्ल्सरूहचं थिएटर का लागलं? अभिरुची बदलली होती, हे मला मान्य आहे. पण मधल्या बारा वर्षांत काय तुटलं तेही पाहा. गाणं कागदावर जगत नाही, ते गळ्यातून गळ्यात जातं. नाट्यपदं आपल्यापर्यंत आली ती नटांनी रात्रीमागून रात्री गायली म्हणून. ब्राउनफेल्सच्या भूमिका गाणारी एक पिढी घडलीच नाही. न ऐकलेलं गाणं लोकांनी नाकारलं, असं कसं म्हणता येईल?

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो: त्यानं हसरं नाटक रडवं केलं. मुळात माणूस देवांवर मात करतो; इथं झ्यूस वादळानं नगरी उद्ध्वस्त करतो. पण रचना सुरू झाली 1913 च्या सुमारास, पुरी झाली 1919 मध्ये. मधे संगीतकार महायुद्धाच्या आघाडीवर जाऊन जखमी होऊन आला होता. त्यानंतर त्यानं आकाशातल्या राज्याचा विजयोत्सव लिहावा, ही अपेक्षाच मला निर्दय वाटते. शिवाय रूपांतरकाराला मूळ कृतीपासून दूर जाण्याचा हक्क असतोच. देवलांनी आर्थर मर्फीच्या इंग्रजी सुखात्मिकेवरून ‘फाल्गुनराव’ लिहिलं, पुढे त्याचंच ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. फाल्गुनरावाला आपण कधी परका म्हटलं नाही.

इथून जवळच नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. एका हिवाळ्यात पहाटे मी त्या पाणथळीच्या काठावर या ऑपेराचं ध्वनिमुद्रण ऐकलं. ऑपेरा उघडतो तोच नाइटिंगेल पक्षिणीच्या गाण्यानं. तिचा स्वर उंच, आणखी उंच जातो आणि तिथं हळवा होतो. शेवटी नगरी मोडते, एक मित्र घराच्या उबेची आठवण काढत परत निघतो. दुसरा, हॉफेगुट, मागे रेंगाळतो. तिचं गाणं त्याच्या कानातून जात नाही.

पुन्हा पहिल्यापासून लावलं तेव्हा बदकं पाण्यावर उतरत होती.