एफपीएसचा भाव आणि खोलीतली मशीन

रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रीज बनतात, टीव्ही बनतात, मोटारी बनतात. ग्राफिक्स कार्ड बनत नाही. ते बाहेरून येते आणि त्याच्यासोबत शहाणपणही बाहेरूनच येते. कारेगावच्या भाड्याच्या खोलीत राहून, पाळ्या करून, ओव्हरटाइमचे पैसे साठवून कार्ड घेणाऱ्या पोराला पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘एफपीएसमागे रुपये काढ, स्वस्त पडेल ते घे.’ कार्डाची किंमत भागिले दर सेकंदाच्या फ्रेम. भाजीच्या भावासारखा सोपा हिशेब. सोपा आहे म्हणून पटतो आणि निम्म्या खोल्यांत चुकतो.

या हिशेबाचे श्रेय आधी त्याला देऊन टाकू. त्याच्या आधी कार्ड डब्यावरच्या जीबीवर विकले जायचे. ‘चार जीबीचं आहे’ असे सांगून जीटी ७३० गळ्यात मारले गेलेले ग्राहक शिरूरपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत सापडतील. त्या चार जीबीत खेळ भरत होता, चालत नव्हता. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी आणि २०२३ च्या ४०६० ला ८ जीबी, तरी १०८०पी वर बहुतेक खेळांत ४०६० च पंधरा-वीस टक्के पुढे राहते, तेही १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये. जीबीचा भ्रम मोडायला एफपीएसचा भाव कामी आला, हे खरेच.

पण हा भाव ठरतो कुठे? परीक्षक कार्डाची चाचणी घेतात ती बाजारातल्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर, म्हणजे अडेल ते कार्डच अडेल. चाचणी म्हणून ते बरोबर आहे. खोलीत मात्र बी४५० बोर्ड आणि जुना रायझन असतो, किंवा कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेला इंटेलचा डेस्कटॉप.

इंटेलच्या आर्क बी५८० चेच पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये ते २४९ डॉलरला आले, १२ जीबीसह. तेव्हा ४०६० ची जाहीर किंमत २९९ डॉलर. एफपीएसच्या भावात बी५८० सरळ जिंकत होते. महिनाभरात ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या यूट्यूब चॅनेलच्या परीक्षकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० वर लावले आणि निकाल उलटा लागला, ४०६० पुढे गेले. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकत होता. पुढे ड्रायव्हर सुधारले, तरी रिसाइझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या बोर्डावरच्या सोयीची, अट राहिलीच. ती सोय नसेल तर हे कार्ड घेऊ नका, असे इंटेलच सांगते.

विजेचाही हिशेब करून टाकू. बी५८० कागदावर १९० वॅटचे, ४०६० ११५ चे. फरक ७५ वॅट. रोज चार तास खेळ धरला तर महिन्याला ९ युनिट. खोलीमालक युनिटला दहा रुपये लावत असेल तर ९० रुपये. चार वर्षांत ४,३२०. डॉलर ८५ रुपयांचा धरून, १८ टक्के जीएसटी लावून दोन कार्डांतला ५० डॉलरचा फरक होतो ५,०१५ रुपये. स्वस्ताई जवळजवळ मीटरमध्येच गेली. (लाइट जाण्याचा हिशेब यात नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास दमतो.)

आता कार्ड हातात घ्या आणि स्लॉटमध्ये जाणारी कड उजेडात धरा. ४०६० च्या बऱ्याच कार्डांत पट्टी पूर्ण लांबीची दिसते, पण सोनेरी दात निम्म्यावरच संपतात. सोळाऐवजी आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. नव्या बोर्डावर याने बिघडत नाही. बी४५० वर पीसीआयई ३.० असते, तिथे आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात. २०२५ च्या आरटीएक्स ५०६० लाही आठच लेन. त्याची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबीच्या वेगाने धावते. ती ८ जीबी भरली, की उरलेला माल साध्या रॅममधून या अरुंद वाटेने मागवावा लागतो आणि शिक्रापूरच्या चौकात नगर रोडची जी कोंडी होते तीच खेळाची होते. सरासरी एफपीएस कागदावर बरा दिसतो. पडद्यावर झटके बसतात. भागाकारात हे झटके येतच नाहीत.

मग ‘आठ जीबी म्हणजे भंगार’ ही आरोळी खरी? तीही नाही. व्हॅलोरंटला १४४ एफपीएससाठी त्याच्या कंपनीने सुचवलेले कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१६ चे. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ एवढेच खेळणाऱ्याने १६ जीबीसाठी उसने पैसे काढायचे कारण नाही. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ६० च्या वरची प्रत्येक फ्रेम विकत घेऊन न पाहिलेली.

तेव्हा भाव काढायचा तो बोर्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि किती वर्षे कार्ड ठेवणार, हे चार धरून. जून २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटीचा १६ जीबी नमुना तेव्हा ३४९ डॉलरचा होता, ५०६० पेक्षा ५० डॉलरने महाग. पण त्याला सोळाही लेन आहेत. जुन्या बोर्डावर नवे, जड खेळ चार-पाच वर्षे खेळायचे असतील, तर हे जास्तीचे पाच हजार फुकट जात नाहीत. त्याच कार्डाचा ८ जीबी नमुना नाव तेच लावून विकला जातो, तेवढे बिलावर वाचून घ्यावे. फक्त हलके ऑनलाइन खेळ असतील तर ४०६० किंवा सेकंडहॅंड आरएक्स ६६०० पुरते आणि वाचलेल्या पैशांत आधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर यावा. बी५८० नव्या प्रोसेसरवर चांगले कार्ड आहे. जुन्यावर घेऊ नये.

पुण्याला किंवा लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी मशीनचे झाकण उघडा. बोर्डावरचे नाव आणि एसएमपीएसवरचा (वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) वॅटचा आकडा, दोन्हींचे फोटो काढा आणि दुकानदाराने भाव सांगायच्या आधी ते त्याच्यापुढे धरा.