राज्याचा हवामान-आयोग : गरज आणि स्वरूप

दुष्काळ आणि महापूर ही दैवाची दोन रूपे आहेत, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. पाऊस पडणे अगर न पडणे माणसाच्या हाती नाही, हे खरे. परंतु पडलेल्या पावसाचे काय करावयाचे आणि न पडणाऱ्या पावसाची तयारी केव्हा करावयाची, हे सर्वस्वी माणसाच्याच हाती असते. हवामानबदलाचा प्रश्न येथेच राज्यकारभाराचा प्रश्न होतो. या कामासाठी प्रत्येक राज्याने कायद्याने स्थापन केलेला स्वतंत्र आयोग नेमावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मांडण्यास चेन्नई शहराचा अनुभव विशेष उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्र ज्या नैर्ऋत्य मोसमी पावसावर जगतो, त्याचा चेन्नईला मिळणारा वाटा थोडा असतो. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर आणि बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर येतो. वर्षभराचे पाणी या थोड्या दिवसांत साठवावे लागते. म्हणूनच त्या प्रदेशातील पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले आणि एका तलावाचे जादा पाणी दुसऱ्यात उतरावे अशी त्यांची साखळी जोडली. हे शहर हवामानाच्या शास्त्राला अपरिचितही नाही. नुंगमबाक्कम येथे १७९२ सालीच वेधशाळा उभी राहिली होती.

असे असूनही अलीकडच्या काही वर्षांत या शहराने काय पाहिले? २०१५ च्या नोव्हेंबरात तेथे एक हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. त्यानंतर डिसेंबरच्या आरंभी तांबरम येथे एका दिवसात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला, चेंबरंबाक्कम तलावातून मोठा विसर्ग करावा लागला आणि अडयार नदी वस्त्यांत शिरली. पुढे अवघ्या चार वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, पूंडी, चोळवरम, पुळल व चेंबरंबाक्कम हे शहराचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेटहून आगगाडीने पाणी आणण्याची वेळ आली. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचौंग’ चक्रीवादळाने तेच शहर पुन्हा पाण्याखाली नेले. महाराष्ट्रीय वाचकास यात काही परके वाटणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागले, या दोन्ही गोष्टी आपल्याच राज्यात घडल्या आहेत.

महापूर आणि टंचाई एकाच ठिकाणी कशी संभवतात, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले म्हणजे तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी हवा जमिनीतील व जलाशयातील ओलावा अधिक ओढून घेते आणि जेव्हा सोडते तेव्हा एकदम सोडते. तापमान वाढण्याचे मुख्य कारणही आता अज्ञात नाही. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. तथापि, एखादा विशिष्ट पूर केवळ हवामानबदलामुळेच आला, असे म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे. हवामानबदल अशा घटनांचा संभव आणि त्यांची तीव्रता वाढवितो. त्यांतून होणारी हानी बरीचशी आपल्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

चेन्नईत ही व्यवस्था कोठे कमी पडली? शहराच्या दक्षिणेस पळ्ळिकरणै नावाची विस्तीर्ण पाणथळ आहे. पावसाचे पाणी शोषून घेणारा तो एक नैसर्गिक स्पंजच होय. तिचा बराचसा भाग इमारती, रस्ते आणि कचरा यांनी गिळला. उरलेल्या भागास २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१८ मध्ये विधानसभेपुढे आलेल्या अहवालाने तर २०१५ चा पूर मानवनिर्मित ठरविला. जलाशय एका खात्याकडे, गटारे महानगरपालिकेकडे, पाणथळ वनखात्याकडे आणि बांधकामाची परवानगी चौथ्याच कार्यालयाकडे असली, म्हणजे प्रत्येक जण आपले काम चोख करूनही शहर बुडू शकते. संपूर्ण चित्र पाहणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते.

ही उणीव तमिळनाडू शासनाने ओळखली, याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. २०२१ मध्ये पर्यावरण खात्याच्या नावातच हवामानबदलाचा समावेश झाला. २०२२ मध्ये हरित हवामान कंपनी स्थापन झाली, हवामानबदल, वनीकरण व पाणथळी यांसाठी स्वतंत्र अभियाने आखली गेली आणि जिल्हाधिकाऱ्यांवर जिल्ह्याच्या अभियानाची जबाबदारी आली. त्याच वर्षी मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांच्या अध्यक्षतेखाली हवामानबदलविषयक नियामक परिषद नेमण्यात आली आणि तीत अर्थतज्ज्ञ व शास्त्रज्ञ यांना स्थान मिळाले. मुख्यमंत्री स्वतः अध्यक्ष असले, म्हणजे सर्व खात्यांना एकत्र बसावे लागते. हा त्या रचनेचा मोठा गुण होय.

परंतु तिची मर्यादाही त्या गुणातच आहे. जो काम करणार तोच कामाची तपासणी करणार, म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच. शिवाय शासकीय आदेशाने नेमलेली परिषद आदेशानेच विसर्जित होऊ शकते, किंवा तिची बैठकच न बोलावता ती निष्क्रिय करता येते. हवामानाचा काळ दशकांनी मोजला जातो, तर मंत्रिमंडळाचा पाच वर्षांनी. या दोहोंत दुवा साधणारी संस्था विधिमंडळाच्या कायद्यानेच निर्माण होऊ शकते. समिती, परिषद आणि आयोग हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. ते तसे वापरू नयेत. समितीने आपला अहवाल दिला की तिचे काम संपते, आणि परिषद विचारविनिमय करते. कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाला मात्र निश्चित कार्य, मुदत आणि अधिकार असतात.

इतिहासही हेच सांगतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात व दख्खनात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. तरीही १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत पुन्हा अगणित माणसे मेली, कारण मदत मिळणे हा रयतेचा हक्क नव्हता. याउलट १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या पुरस्काराने सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. काम मागण्याचा हक्क कायद्यात आला, म्हणून ती योजना टिकली आणि २००५ मध्ये देशाच्या कायद्यालाही ती मार्गदर्शक ठरली. दुसरीकडे, मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटर पावसास पुरेल इतकी वाढवावी, अशी शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच तयार झाला होता. त्याच्या अंमलबजावणीस खरी गती आली ती २००५ च्या जलप्रलयानंतर. अहवालात ज्ञान होते, पण त्याबद्दल जाब विचारणारे कोणी नव्हते.

मग आयोगाचे स्वरूप कसे असावे? त्यासाठी नमुना आपल्या राज्यघटनेतच आहे. राज्य वित्त आयोगाची तरतूद येथे पाहावी. हा आयोग दर पाच वर्षांनी नेमला जातो आणि त्याची प्रत्येक शिफारस, तिच्यावर काय कार्यवाही झाली याच्या स्पष्टीकरणासह, विधिमंडळापुढे ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये २००८ च्या हवामानबदल कायद्याने स्थापन झालेल्या समितीच्या वार्षिक अहवालास शासनाने संसदेत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या राज्यातील आयोगालाही एवढेच मुख्य बळ पुरे आहे. त्याने वर्षातून एकदा अहवाल द्यावा आणि शासनाने ठराविक मुदतीत त्यास लेखी उत्तर द्यावे. आयोगात हवामानशास्त्रज्ञ व अभियंत्यांबरोबर आरोग्य आणि शेती जाणणारे सदस्य असावेत, आणि मच्छीमार व शेतमजूर यांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती असावी. अहवाल राज्याच्या भाषेत निघावा. जो अहवाल तालुक्याच्या वाचनालयात वाचता येत नाही, त्यावर तालुक्यातील नागरिक प्रश्न तरी कसा विचारणार?

यावर तीन आक्षेप येतात. हा विषय केंद्राचा आहे, हा पहिला. परंतु पाणी, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य हे विषय मुख्यतः राज्याचे आहेत आणि हवामानाचा आघात प्रथम त्यांवरच होतो. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असताना नवी संस्था कशाला, हा दुसरा. पण समुद्राचे पाणी विहिरींत हळूहळू शिरणे, रात्रीचा उकाडा वर्षानुवर्षे वाढणे, या गोष्टी एका दिवसाची आपत्ती म्हणून नोंदल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी दीर्घ नजर लागते. तिसरा आक्षेप असा की, तज्ज्ञांनी लोकप्रतिनिधींवर अंकुश ठेवणे लोकशाहीस धरून नाही. हा आक्षेप गंभीर आहे. म्हणूनच आयोगास निर्णयाचा अधिकार नसावा. निर्णय विधिमंडळानेच घ्यावा. मात्र शिफारस नाकारली तर तिची कारणे लोकांसमोर मांडावीत. कारणे सांगावी लागल्याने लोकशाही दुबळी होत नाही, उलट बळकट होते.

राज्यांच्या आयोगांनी परस्परांशीही बोलले पाहिजे. महाबळेश्वरास उगम पावणाऱ्या कृष्णेचे पाणी चेन्नईच्या नळांपर्यंत जाते. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी त्या शहरासाठी देण्याचे मान्य केले होते. सह्याद्रीवरील पाऊस बिघडला, तर त्याचा परिणाम दूरच्या पूर्वकिनाऱ्यावरही जाणवेल.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. हक्क मान्य झाला, तरी तो अमलात आणणारी यंत्रणा उभारण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. ती उभारताना आज शाळेत शिकणाऱ्या मुलांचा विचार प्रथम झाला पाहिजे, कारण आजच्या निर्णयांची फळे त्यांनाच भोगावयाची आहेत. आपल्या गावचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे, त्याचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, एवढा शोध जरी विद्यार्थ्यांनी घेतला, तरी अशा आयोगास उद्या जे प्रश्न विचारावयाचे आहेत, त्यांची तयारी आजच सुरू होईल.