राखणदाराच्या रात्री

भात पोटरीत आले की कोकणातील शेतकऱ्याची झोप उडते. माळ्यावर बसून, डबे बडवीत, बॅटरीचा झोत फिरवीत तो रात्र काढतो आणि पहाटे डोळा लागतो न लागतो तोच रानडुकरांचा कळप बांध ओलांडून आत शिरतो. डुक्कर खाते त्याहून अधिक तुडवते. सुरण, रताळी, भुईमूग यांच्या जागी तर नाकाडाने उकरलेले खड्डे तेवढे उरतात. विदर्भातील सोयाबीन, मका, हरभरा यांची कथा निराळी नाही.

ज्या समाजाने वराहाला दशावतारांत स्थान दिले, त्याला प्राणिमात्रांवरील दया कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. परंतु ही दया कोणाच्या खर्चाने चालली आहे, हे विचारलेच पाहिजे. वन्यजीव रक्षणाचे श्रेय शहरांतील चर्चासत्रांत वाटले जाते. त्याची किंमत दोन एकरांचा धनी एकटा मोजतो.

माणसे पोटामागे मुंबईला गेली, वरकस जमिनी ओस पडल्या, त्यांवर झाडोरा माजला आणि कळपांना गावाच्या वेशीवरच आसरा मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात तो आसरा उभा ऊस देतो. मादी एका वेताला चार-सहा पिले सहज देते. त्यांच्यावर वचक ठेवणारे वाघ आणि रानकुत्रे बहुतेक गावांच्या आसपास उरलेले नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोका ठरणारे रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देऊ शकते. पण अर्ज, पाहणी, आदेश हे सोपस्कार पुरे होईपर्यंत पीक आडवे झालेले असते. कलम ६२ खाली केंद्राने २०१५ मध्ये बिहारात व २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराला मर्यादित मुदतीसाठी उपद्रवी ठरवले. केरळच्या डाव्या सरकारने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. त्या राजवटीविषयी बरे बोलण्याचे प्रसंग विरळाच. हा त्यांपैकी एक.

मार्ग खुंटला की माणूस आडवाटेला लागतो. कुंपणात वीज सोडली जाते आणि तिला डुकराआधी शेजारचा गडी किंवा एखादा वाघ बळी पडतो. २०२० मध्ये केरळात स्फोटके भरलेले फळ तोंडात फुटून गाभण हत्तीण मेली. देशभर हळहळ व्यक्त झाली. असे सापळे रानडुकरांसाठी का लावले जातात, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

वन्यप्राण्यांनी केलेली पिकाची हानी २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याची घोषणा केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली, हे स्वागतार्ह होय. मात्र ७२ तासांच्या आत मोबाईलवरून छायाचित्रांसह नोंद करण्याची अट आहे. जिथे रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, त्या वाडीवरील म्हाताऱ्याने ती कशी पाळावी? ही नोंद कृषी सहायकाने बांधावर येऊन करावी आणि परवानगीचा अधिकार महाराष्ट्रानेही गावाजवळ आणावा. प्रत्येक तालुक्यात परवानाधारक नेमबाजांची यादी तयार नसेल, तर तो अधिकारही कागदावरच राहील.