विश्लेषण : भाईंदर खाडीच्या चिखलाची नोंद कोण ठेवणार?

वर्सोवा–भाईंदर किनारी रस्त्याचा विषय निघाला की हिशेब होतो तो खारफुटीच्या झाडांचा. झाडांखालच्या चिखलाचा हिशेब कुणी मागत नाही. खाडीचा जुना इतिहास मात्र त्या चिखलातच साठलेला आहे आणि तो साठवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे नाव डायटम.

डायटम म्हणजे काय?

डायटम हे एकपेशीय शैवाल. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेसारखे असते. डबी आणि तिचे झाकण असे त्याचे दोन भाग, म्हणून मराठीत त्याला ‘करंडक वनस्पती’ असेही म्हणतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा डायटम उचलतात. उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीच्या अन्नसाखळीतही त्यांचा मोठा वाटा आहे.

वर्गीकरण का बदलले?

पूर्वी सरळ दोन गट होते. गोल, केंद्राभोवती नक्षी असलेले ‘सेंट्रिक’ आणि लांबट ते ‘पेनेट’. पण आडनाव एक म्हणून सगळे भाऊबंद नसतात, तसेच गोल आकाराचे झाले. मुंबईच्या किनाऱ्यावर आढळणारे कॉसिनोडिस्कस आणि थॅलॅसिओसिरा दोन्ही गोल. मात्र जनुकांच्या अभ्यासावर आधारलेल्या, २००४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात ते वेगवेगळ्या वर्गांत गेले. त्यानुसार थॅलॅसिओसिरा नात्याने लांबट डायटमना अधिक जवळचा ठरतो. म्हणजे ‘सेंट्रिक’ हे आकाराचे वर्णन आहे, एका घराण्याचे नाव नव्हे.

जीवाश्म काय सांगतात?

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळात सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे, उत्तम टिकलेले डायटम सापडले. ते सेंट्रिक आहेत. लांबट डायटम त्यानंतर, साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीपासून दिसतात. म्हणजे गोलांच्याच एका शाखेतून लांबट निघाले, या निष्कर्षाला जीवाश्मही दुजोरा देतात. आपल्या शहराच्या पूर्वेकडील डोंगरांचा ज्वालामुखीजन्य खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हे जीव या खडकाहूनही जुने. डायटमची सुरुवात ११ कोटींच्याही आधीची असावी. पण जुनी कवचे विरघळतात किंवा त्यांचे रूपांतर गारगोटीसारख्या दगडात होते. म्हणून नोंदीची पहिली पाने हरवलेली आहेत.

भाईंदरचा संबंध काय?

खाडीचा गाळ तुलनेने तरुण, फार तर काही हजार वर्षांचा. गोल डायटम बहुधा पाण्यात तरंगतात आणि भरतीबरोबर आत येतात. लांबट प्रकारांतले पुष्कळसे चिखलावरच राहतात. त्यांच्या प्रजाती पाण्याच्या खारेपणानुसार बदलतात. त्यामुळे गाळाच्या एकेका थरातून त्या काळी भरती कुठवर येत होती, पाणी किती खारे होते, सांडपाणी केव्हा वाढले, याचा अंदाज बांधता येतो. मिठागरांचे बांध, १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचलेली रेल्वे, १९८५ ची नगरपालिका, २००२ ची महापालिका आणि त्यासोबत वाढलेली वस्ती, या बदलांच्या खुणाही त्याच गाळात शोधता येतील.

मग काय करावे?

भराव पडला की हा गाळ अभ्यासाच्या आवाक्याबाहेर जातो. झाड दुसरीकडे लावता येते, थर पुन्हा लावता येत नाहीत. म्हणून खाडीकिनारी कोणताही भराव टाकण्याआधी नळी घालून गाळाचे उभे नमुने घेणे सक्तीचे असावे. पायाच्या चाचणीसाठी जमीन खोदली जातेच. त्यातला एक नमुना डायटमसाठी राखून ठेवण्याचा खर्च प्रकल्पाच्या तुलनेत नगण्य आहे. काचपट्ट्या शहरातल्याच एखाद्या महाविद्यालयात जपाव्यात. नोंद ‘गोल’ आणि ‘लांबट’ एवढीच नको, प्रजातीपर्यंत हवी; कारण आकारावरून नाते ठरत नाही, हाच या वर्गीकरणाचा धडा आहे.

रस्ता हवा की नको, यावर मतभेद राहतील. पण तो बांधण्याआधी खाडीची नोंद करून ठेवायला विरोध कुणाचा असणार?