दोन इंच खाली
(तृतीय वर्ष कला)

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. त्याने १९६७ सालची शेवरोले कॅमॅरो ही जुनी गाडी विकत घेतली आणि दिवाळीच्या फोनवर माझ्या वडिलांना विचारले, "मामा, गाडी मागून दोन इंच खाली घ्यायचीय. काय करू?" वडिलांना विचारायचे कारण इतकेच की, आमचे ट्रकचे पाटे दुरुस्त करण्याचे दुकान आहे.

ही हकिगत मी वसतिगृहात सांगितली आणि वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, "हे श्रीमंतांचे चोचले!" इतिहास घेतलेला आमचा एक मित्र म्हणाला, "जुनी वस्तू आहे तशीच जपावी. तिला हात लावणे हेच पाप." मला दोन्ही मते पटत नाहीत.

आधी 'आहे तशी' या शब्दांचा विचार करू. ज्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात, त्या गाड्यांचा जन्मच मुळी ढवळाढवळीतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा नियम होता. तिच्याच पॉन्टिअॅक विभागाने १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले आणि 'ही वेगळी गाडी नव्हे, जादा पैसे देऊन घ्यायची सोय आहे' अशी पळवाट काढली. तीच जीटीओ! कॅमॅरोचेही तसेच. १९६७ च्या गाडीला मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा होता. जोराने गाडी सोडली की मागची चाके थडथड उडत. मग १९६८ साली कंपनीनेच एक शॉकअॅब्सॉर्बर आसाच्या पुढे व एक मागे बसवला आणि जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पानांचे पाटे दिले. ज्या वस्तूला कर्त्यानेच वर्षभरात हात लावला, तिचे सोवळे आपण किती पाळायचे?

आता चोचल्यांविषयी. गाडी खाली घेण्याचा नाद कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी तरुणांनी वाढवला. त्यांच्या गाड्या बहुतेक वेगळ्या जातीच्या, संथ फिरवायच्या होत्या. पण हौस तीच. डिकीत वाळूची पोती टाकून ते गाडी बसवत. १९५८ साली तेथे कायदा आला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा. तेव्हा रॉन अगिरे या तरुणाने आपल्या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! कॅलिफोर्नियातील ती उंचीची अट १ जानेवारी २०२४ पासून उठली. ज्यांना मान खाली घालून वावरावे लागे, त्यांनी गाडी खाली घेऊन मान वर केली. याला चोचले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर मग कोणी काहीही करावे काय? नाही. आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील गावाला गेले असताना एका गिऱ्हाइकाने जीप मागून खाली घ्यायला सांगितली. मी गॅसने पाटे तापवले आणि दाबून सपाट केले. काम झटपट झाले, पैसेही मिळाले. तीन आठवड्यांनी घाटात एक पाटा तुटला. जीप डोंगराच्या बाजूला घसटून थांबली म्हणून बरे. गाडीतल्या म्हाताऱ्या आईचा हात मोडला. पाटा असा तापवला की पोलादाला दिलेले पाणी उतरते, हे मला ठाऊक होते. वडिलांनी त्या घरी जाऊन माफी मागितली, नवे पाटे फुकट बसवून दिले. मला मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी मारले असते तर बरे झाले असते!

आतेभावाला त्यांनी सांगितले ते असे : "कॅमॅरोचा पाटा आसाच्या खालून जातो. दोहोंच्या मध्ये दोन इंचांचा ठोकळा घाल, यू-बोल्ट लांब घे. आस वर जाईल, गाडी खाली बसेल. पण ते दोन इंच कुठून आले ते बघ. रबरी ठोकर तेवढीच जवळ आली. शॉकअॅब्सॉर्बर आखूड लागेल. शाफ्टचा कोन तपास, टायर पत्र्याला घासतो का पाहा. आणि काढलेला एकही नट फेकू नकोस."

माझे मत त्यांच्या शेवटच्या वाक्यात आहे. ठोकळा उद्या काढता येतो. उतरलेले पाणी तसेच परत चढत नाही. जुन्या वस्तूत बदल जरूर करावा, पण पुढच्या माणसाला तो पुसता यावा, आणि आपल्या हौशीची किंमत मागच्या सीटवर बसलेल्याने मोजू नये.

आमच्या इतिहासाच्या मित्राला हे अजून मान्य नाही. असो. त्याला मी एकदा दुकानात बोलावले आहे.