गोलंदाजाची मजुरी

मिरा-भाईंदरच्या पेणकरपाड्यात असो वा मुंबईच्या परिघावरील अन्य कोणत्याही श्रमिक वस्तीत, मुलांच्या क्रिकेटचा एक अलिखित कायदा असतो : ज्याची बॅट, त्याची पहिली पाळी. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने चेंडू टाकावा, गटारात गेलेला चेंडू काढून आणावा आणि अंधार पडण्यापूर्वी आपली पाळी येईल या आशेवर राहावे. हा कायदा या मुलांनी शोधून काढलेला नाही. भारतात या खेळाची पाळेमुळे रुजली, ती याच कायद्याखाली. आणि त्याची सर्वांत बोलकी साक्ष म्हणजे बाळू पालवणकर यांची कारकीर्द.

पालवणकर कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे, जातीने चांभार. बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. वडील लष्करात होते; त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर त्यांनी खेळ शिकून घेतला. पुण्याच्या एका पारशी क्लबात मैदान झाडण्यासाठी बाळूंना दरमहा तीन रुपये मिळत. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यावर आले, तेव्हा पगार चार रुपये झाला. काम खेळपट्टी सारवण्याचे, जाळी बांधण्याचे, आखणी करण्याचे. आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकण्याचे. त्या काळातील नामांकित फलंदाज ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या डावऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर बळीमागे ते आठ आणे देत, असे सांगितले जाते. ही कथा खरी असेल, तर महिन्यातून आठ वेळा ग्रेगसाहेबांना बाद केले की बाळूंचा पगार दुप्पट होत असे! उक्त्या कामाचा याहून स्वच्छ नमुना कोणत्या गिरणीत सापडेल? या साऱ्या वर्षांत त्या जिमखान्यावर बाळूंच्या हाती बॅट मात्र एकदाही देण्यात आली नाही. फलंदाजी हा मालकाचा विरंगुळा होता, गोलंदाजी ही नोकराची मजुरी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांचा पराभव करावयाचा होता, म्हणून त्याने बाळूंना बोलावले. येथे वाक्याचा क्रम महत्त्वाचा आहे. अस्पृश्यता अन्याय्य वाटली म्हणून नव्हे, तर बळी हवे होते म्हणून हे आमंत्रण आले. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, तोच चेंडू सवर्ण सहकारी निःशंकपणे उचलीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पात्रात चहा मिळे, आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडू विटाळत नसे, कपबशी मात्र विटाळत असे. धर्मशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात हा बारकावा नमूद आहे, हे तेव्हाच्या शास्त्रीमंडळींनाच ठाऊक असावे.

पुढे बाळू मुंबईस आले. बी. बी. सी. आय. रेल्वेने त्यांना नोकरी दिली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, काही सभासदांच्या विरोधानंतर का होईना, आपल्या संघात घेतले. (पेणकरपाड्याचे चाकरमाने आज ज्या मार्गावरून रोज चर्चगेटकडे लोंबकळत जातात, तो त्याच कंपनीचा. 1951 साली तिची पश्चिम रेल्वे झाली.) फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले. हिंदूंच्या धावा 242 आणि 160. युरोपियनांच्या 191 आणि 102. हा विजय मुख्यतः गोलंदाजांचा होता, हे शेवटचा आकडाच सांगतो. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या सुधारकी पत्राने या संघात चांभार बंधूंना मिळालेल्या प्रवेशाचा मोठा गौरव केला. तो गौरव प्रामाणिक होता. परंतु जातिभेद आता खेळाच्या मैदानावर आपोआप विरघळेल, या भाबड्या आशेचे बीही त्यातच होते, आणि ही आशा आजतागायत टिकून आहे.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार महाराज मोजक्याच सामन्यांत खेळले. त्यांना मेजवान्या होत्या, राज्यारोहणाचे सोहळे होते. संघाने 23 पैकी 15 सामने गमावले. त्या पडझडीत बाळूंनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले, तेही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी पंधराहून किंचित अधिक सरासरीने 179 बळी मिळविले. परत आल्यावर सत्कार झाले. कर्णधारपद मात्र मिळाले नाही.

त्यानंतरच्या दशकात हिंदू संघाचा सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू हा कर्णधार होऊ शकला नाही. 1913 मध्ये एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे जाहीरपणे सांगितले, ही त्यांच्या मनाची थोरवी होय. परंतु थोर मनाचे कर्णधार येतात आणि जातात; निवड समिती तशीच राहते. बाळूंना इंग्रजी शिष्टाचार अवगत नाहीत, कर्णधारास शिक्षण हवे, असा युक्तिवाद पुढे येई. इंग्लंडमध्येही वेतनभोगी खेळाडू आणि 'सभ्य गृहस्थ' यांची दारे वेगळी असत. विसाव्या शतकात वेतनभोगी खेळाडूला इंग्लंडचे नियमित नेतृत्व मिळण्यास लेन हटनच्या रूपाने 1952 साल उजाडावे लागले. म्हणजे वर्गाची भिंत तिकडेही होतीच. येथे त्या भिंतीवर जातीचा आणखी एक मजला चढविलेला होता. अमेरिकेत बेसबॉलच्या बाल्यावस्थेत जॉर्ज स्टोवी या कृष्णवर्णीय गोलंदाजाने 1887 च्या एकाच हंगामात न्यूअर्क संघास तीसहून अधिक सामने जिंकून दिले. त्याच वर्षी त्या साखळीच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरविले. गुणवत्ता सिद्ध करूनही दार उघडत नाही, उलट कधीकधी त्यामुळेच बंद होते, याचा हा पुरावा.

पालवणकरांचे दार उघडले, ते विनवण्यांनी नव्हे. 1920 साली चौरंगी सामने होते. बाळूंना वगळण्यात आले, पै आजारी पडले आणि नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. त्या वेळी बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून माघार घेतली आणि आपल्या माघारीचे कारण जातिभेद हेच आहे, हे लोकांपुढे मांडले. हा संप होता. त्याला संप म्हणण्यास क्रीडालेखक बिचकतात, एवढेच. परिणाम तात्काळ झाला : अंतिम सामन्यासाठी बंधू परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि पै काही वेळ स्वतःहून मैदानाबाहेर गेल्याने बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. 1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी ठरला. 1906 च्या विजयाने जे साधले नाही, ते 1920 च्या असहकाराने साधले, हे गुणवत्तेचे स्तोत्र गाणाऱ्यांनी एकदा तपासून पाहावे.

बाळूंचे राजकारण मात्र या पृष्ठाच्या अनेक वाचकांना रुचणार नाही. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि ती संयुक्त मतदारसंघाच्या बाजूची सही होती. पुढे नगरपालिकेची निवडणूक त्यांनी हिंदुमहासभेच्या वतीने लढविली व गमावली. 1937 मध्ये मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर यांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. ज्या समाजाने आपल्याला चहाच्या मंडपाबाहेर बसविले, त्याच्याशी समेट करण्याची ही धडपड केवळ भोळेपणाची म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण खेळून मिळविलेले स्थान खरे आहे, असे मानण्यातच ज्याने पंचवीस वर्षे घालविली, त्याला ते खोटे आहे असे मान्य करणे किती जड गेले असेल, याचाही विचार व्हावा. काँग्रेसनेही त्यांना उमेदवारी दिली ती बहुधा पुण्याच्या हिंदू संघाच्याच हिशोबाने : समोर मोठा खेळाडू होता, आणि त्याला बाद करू शकेल असा गोलंदाज हवा होता.

बाळू 4 जुलै 1955 रोजी मुंबईत निवर्तले. त्यापूर्वी 1948 मध्ये विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले होते. देवधरांच्या नावे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि ते योग्यच झाले. पेणकरपाड्यातील मुलाला देवधर करंडक ठाऊक असतो. शेवटच्या पाळीची वाट पाहत चेंडू टाकणाऱ्या त्या मुलाला बाळू पालवणकर हे नाव मात्र कोणी सांगितलेले नसते.