उभ्या गाडीचा हिशेब

मामू गेले तेव्हा त्यांच्या दोन ट्रकांपैकी एक भिवंडीत एका गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत उभा होता. दुसरा मिरजेत गॅरेजला लागलेला होता. दफनविधी झाला, जियारत झाली आणि चौथ्या दिवशी घरात प्रश्न निघाला, गाड्या कोणाच्या?

एक गाडी मामूंच्या नावावर, दुसरी छोटे मामूंच्या. हप्ते मात्र दोन्हींचे एकाच गल्ल्यातून जायचे. पहिल्या गाडीच्या कमाईतून दुसरीचे डाउन पेमेंट झाले, असे मामी म्हणायच्या. ते पैसे मी नंतर फेडले, असे छोटे मामू म्हणायचे. कागद कुठेच नव्हता. ‘भाऊ-भावात कसली लिखापढी’ हे वाक्य मी लहानपणापासून त्या घरात ऐकत आलो होतो. सहा महिन्यांनी दोन्ही गाड्या छोटे मामूंकडे होत्या आणि मामींच्या हातात महिन्याचा किराणा. त्यांना दोन मुली आणि नववीतला एक मुलगा. छोटे मामू लबाड आहेत असे मला आजही वाटत नाही. कोणाचे किती हे त्यांनाही खरोखर माहीत नव्हते.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्या काळात मी दूरदेशीच्या एका कंपनीसाठी मालवाहतुकीचेच सॉफ्टवेअर लिहीत होतो. कुठली गाडी कुठे आहे, किती तास रिकामी उभी राहिली, किती डिझेल प्यायली, हे त्यातून दिसायचे. माझ्या स्वतःच्या मामूंच्या गाड्यांचा हिशेब मी एकदाही विचारला नव्हता.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट असती तर संपादकीयात आणली नसती. पण मिरज, सोलापूर, मालेगाव, कुर्ला, कुठल्याही आपल्या मोहल्ल्यात जा. डेंटर, पेंटर, सीटवाला, पंक्चरवाला, रिक्षावाला, ट्रकवाला, इंजिनचे काम करणारा उस्ताद आणि त्याच्या हाताखाली तीन चेले दिसतील. मुसलमानांत नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्ये लिहून ठेवले. हुनर आपल्याकडे आहे, मेहनत आहे. पण तीस वर्षे चाललेले गॅरेज उस्तादाच्या निधनानंतर तीन महिन्यांत बंद पडते आणि त्याचा मुलगा दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर लागतो, हे आपण इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

कोणी म्हणेल, बँका आपल्याला कर्ज देत नाहीत, पत्ता बघून फाइल बाजूला ठेवतात. हा अनुभव खोटा नाही, त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण वही लिहायला बँकेची परवानगी लागत नाही.

मामू गेल्यावर मोठी मामेबहीण, बी.कॉम. झालेली, मामूंच्या खिशातल्या डायऱ्या घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघांनी बसून एका गाडीचा हिशेब मांडला. दहाचाकी ट्रक, मिरज ते भिवंडी, जाऊन-येऊन साधारण आठशे किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर ॲव्हरेज धरले आणि डिझेल नव्वद रुपये, तर किलोमीटरला साडेबावीस रुपये नुसते डिझेलचे. दहा टायर, वीस हजारांचा एक, ऐंशी हजार किलोमीटर चालला तर आणखी अडीच रुपये. टोल, भत्ता, हमाली वेगळी. इथपर्यंतचा हिशेब मामूंच्या डोक्यात पक्का असणार, कारण हे पैसे गाडी चालली की हातातून जातात.

जो खर्च गाडी उभी असतानाही चालू राहतो तो मात्र डायरीत कुठेच नव्हता. हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार मिळून महिन्याला सुमारे ऐंशी हजार. महिन्यात दहा फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर त्यातले आठ हजार पडतात. सातच झाल्या तर साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे गोदामाबाहेर दोन-दोन दिवस उभे राहण्यापायी प्रत्येक फेरीमागे जवळपास साडेतीन हजार रुपये गेले. आणि मामू भाड्यासाठी एजंटशी घासाघीस करायचे पाचशे रुपयांची! हॉल्टिंग त्यांनी कधी मागितलेच नाही. ‘पार्टी नाराज होते’ म्हणून.

पार्टी नाराज होते म्हणून उधारीही तीन-तीन महिने थांबायची. इथे कायदा आपल्या बाजूने आहे, आणि तो फारच थोड्या ट्रकवाल्यांना माहीत आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत मिळायला हवेत. आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून, ही मुदत चुकवणाऱ्या पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. तिचा सीए तिला आपोआप आठवण करून देतो. पण त्यासाठी तुमचे बिल हवे, त्यावर तारीख हवी, उद्यम क्रमांक हवा. चिठ्ठीवर लिहिलेल्या आकड्याला कोणी सीए भीत नाही.

भागीदारीचेही तेच. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी दिवाणी दावा लावता येत नाही. वेगळे काही ठरलेले नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपते. गाडीच्या बाबतीत मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. 2021 पासून आरसीवर नॉमिनीचे नावही लावता येते. मामींना यातले काही ठाऊक नव्हते. तीन महिने इद्दतीत आणि रडण्यात गेले. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. लिहिले कोणीच नाही.

गॅरेजांपुढे तर आणखी एक घाई आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा उस्ताद आज सेन्सरच्या कोडपुढे अडतो, कारण गाडी स्कॅनरशी बोलते. डिझेल गाड्यांत युरियाची टाकी आली, धुराचा फिल्टर आला. काही जण ते सरळ बायपास करून देतात. ते बेकायदा आहे आणि त्यातून उद्याचे गिऱ्हाइकही टिकत नाही. विजेच्या रिक्षेत तर क्लच नाही, इंजेक्टर नाही, ऑइल बदलणे नाही. ज्या कामांवर छोट्या गॅरेजचे रोजचे घर चालते तीच कामे तिथे गायब. तुमच्यापैकी जो डिप्लोमा करून पंधरा हजारांच्या नोकरीसाठी पुण्यात खोली शोधतो आहे, त्याने एकदा अब्बांच्या गॅरेजात स्कॅनर घेऊन बसण्याचा विचार करावा. अब्बांचा कान आणि तुमचा लॅपटॉप एका छपराखाली आले तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी टक्कर देता येते. अब्बा ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. माझे ऐकायला छोटे मामूंनी दीड वर्ष लावले.

आणि मुली. बी.कॉम. झालेली मुलगी घरात असताना तिच्या वडिलांनी दहा वर्षे हिशेब डोक्यात ठेवला, कारण ट्रकचा धंदा बायकांचा नाही. गाडी चालवणे जड काम असेल. बिल्टी तपासणे, बिल पाठवणे, विम्याची तारीख लक्षात ठेवणे यात जड काय आहे? शरीअतने तिला वारसाहक्कात जो हिस्सा दिला आहे तो मोजायचा तर आधी धंद्याची किंमत कोणाला तरी माहीत असावी लागते. जिथे वही नाही तिथे सगळ्यात आधी बुडतो तो बायकांचा हिस्सा.

छोटे मामू शेवटी बसले ते उधारीमुळे. डायऱ्यांमधून बहिणीने एजंटांकडे अडकलेल्या रकमा शोधून काढल्या, बिले पाठवली, निम्म्याहून जास्त पैसे आले. त्यानंतर भागीदारीचा कागद झाला. त्यात मामींचे नाव आहे, मुलांचे वाटे आहेत, आणि हिशेब बहीण बघते. तिने केलेल्या तक्त्यात ‘उभी’ नावाचा एक रकाना आहे, त्यात गाडी किती तास थांबली ते येते. मी त्याला काहीतरी बरे नाव सुचवले होते. तिने बदलले नाही. ड्रायव्हर फोनवर हाच शब्द सांगतो, म्हणाली. मागच्या महिन्यात त्या रकान्यावरून तिने भिवंडीच्या एका पार्टीला हॉल्टिंगचे बिल लावले. पार्टी नाराज झाली आहे. पैसे अजून आलेले नाहीत, 45 दिवस व्हायला अकरा दिवस बाकी आहेत.